काल काय खाल्लं, या रकान्यात

सुरुवातीलाच माफी मागतो. असं काही लिहावं एवढं माझं शिक्षण नाही आणि वयही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दादा नववीत नापास होऊन मिठागरावर कामाला लागला. आईला सही करता येते, ती मी शिकवली. वडील मी चौथीत असताना वारले. त्यामुळे हे लिहिलेलं घरात कुणी तपासून दिलेलं नाही. चुका असतील.

लिहायला लावलं ते पेणच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरनी. म्हणाल्या, "तू कॉलेजवाला ना? मग बरा झालास की लिहून दे. टीबी म्हटलं की माणसं निम्मी तिथेच खचतात. बरा झालेल्याचं वाचलं तर धीर येतो." मी हो म्हणालो. त्याला आता वर्ष होऊन गेलं. चार वेळा बसलो. प्रत्येक वेळी दुसऱ्या पानावर माझी वहिनी आली आणि मी वही मिटली. या वेळी तिला येऊ देणार आहे. केसपेपरवर तिचं नाव नव्हतं, पण तिला वगळून माझं आजारपण मला सांगताच येत नाही.

ज्यांना फक्त आजाराचं हवं आहे त्यांच्यासाठी इथेच सांगतो. गोळ्या शेवटपर्यंत घ्या. दोन महिन्यांत अगदी बरं वाटायला लागतं, तेव्हाच सोडाव्याशा वाटतात, तेव्हा सोडू नका. लघवी केशरी होते. मी रक्त समजून रडलो होतो. ते रक्त नसतं. खोकताना तोंडावर रुमाल धरा. मी बरा झालो, तुम्हीही व्हाल.

तीस फॉर्म

माझं कॉलेज रोह्याला. वरसे गावात आम्ही तिघं मित्र एका खोलीत राहायचो. शनिवारी गाडीत बसायचं, निडी, नागोठणं मागे टाकत पेणला उतरायचं आणि तिथून एसटीनं खाडीकाठच्या खारपाटातल्या आमच्या गावाला.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या मॅडमनी शेतकरी बायकांच्या आहाराची पाहणी काढली होती. आम्हा प्रत्येकाला तीस तीस छापील फॉर्म दिले. फॉर्मचे दोन भाग होते. पहिल्यात बाईला आहाराविषयी काय माहीत आहे ते विचारायचं. रक्त कशानं वाढतं, गरोदरपणी काय खावं, असं. दुसऱ्या भागात एकच प्रश्न आणि त्याखाली सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने. काल काय खाल्लं?

दिवाळीच्या सुट्टीत मी फॉर्म घेऊन गावात फिरलो. लाज वाटत होती. शेजारच्या कमळाकाकू भात झोडत होत्या. मला बघून ओरडल्या, "काय रं बाला, कॉलेजात आता चुलीपुढं बसाया शिकवतात काय?"

अंगणातल्या सगळ्या बाया हसल्या. मी खाली मान घालून विचारलं, "काकू, रक्त कशानं वाढतं?"

"पालेभाजीनं, मासलीनं, गुलानं. नर्सबाय सांगून सांगून दमली. पुढं बोल."

"काल दुपारी काय खाल्लं?"

काकूंनी जरा आठवलं. "कोलबीचा कालवन, भात नि वालाचा बिरडा."

मी लिहिलं. पुढच्या घरात खाडीतल्या निवट्यांचं कालवण, त्याच्या पुढच्या घरात अंडी. मला फार बरं वाटत होतं. आमच्या गावाला लोक खाऱ्या पाण्याचं, खाऱ्या मातीचं गाव म्हणतात, आणि इथल्या बायकांना सगळं माहीत होतं आणि त्या तसं खातही होत्या. माझी वहिनी सुनंदा त्या दिवशी कापणीला गेली होती. तिचा फॉर्म मी ओटीवर बसून स्वतःच भरला. काल घरात काय शिजलं होतं ते मला माहीत होतं, मी जेवलोच होतो.

मॅडमनी माझे फॉर्म वर्गात वाचून दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. असं माझं नाव वर्गात पहिल्यांदाच घेतलं गेलं होतं.

एक्स-रे

त्यानंतर महिन्याभरानं मला रोज चार वाजले की ताप येऊ लागला. डाव्या कुशीत कळ यायची. खोलीतल्या मित्रांना मलेरिया वाटला, मलाही वाटला. पँट कमरेवर राहीना, तेव्हा तिला सुतळी बांधली आणि ती शर्टाखाली लपवली. एक दिवस कॉलेजचा जिना अर्ध्यावर सोडून मी पायरीवर बसलो तो उठता येईना. रोह्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि चिठ्ठी देऊन पेणला पाठवलं.

दादा मिठागरावरून तसाच आला होता. पायांवर मीठ वाळून पांढरं झालं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. म्हणाले, "इथे काळं दिसायला हवं. छातीत पाणी झालंय. टीबीचं आहे."

दादानं एक्स-रेकडे बघितलं. मग म्हणाला, "सायेब, याचा लगीन नाय झाला अजून."

"होईल. आधी गोळ्या."

बाहेर बाकावर दादा माझ्यापासून वीतभर सरकून बसला. मग त्याचं त्यालाच कळलं असावं, परत मला चिकटून बसला. मला तेव्हा आजारापेक्षा त्या वीतभर जागेची भीती वाटली होती. आता राग नाही. मीही तसाच सरकलो असतो.

दुपारी आई आली. डॉक्टरांनी तिला सांगितलं, "गोळ्या जड आहेत. रोज दोन अंडी, दूध, मासे, कडधान्य. पोटभर." आईला टीबीची भीती होतीच, पण करता येण्यासारखं काहीतरी हातात मिळालं म्हणून तिचा चेहरा जरा सैल झाला. पाठीत सुई घालून माझं पाणी काढत होते तेव्हा ती दाराबाहेर तेच पुटपुटत होती. दोन अंडी, दूध, मासली.

वॉर्डातले दोन आठवडे

सकाळी सहाला थर्मामीटर, मग चहा, मग मूठभर गोळ्या. राउंडची वाट बघायची, राउंड झाला की दुपारच्या डब्याची वाट बघायची. चार वाजता ताप येतो का त्याची वाट बघायची. दवाखान्यात माणूस दुसरं काही करत नाही. नवव्या दिवशी चार वाजले, पाच वाजले, ताप आला नाही. सिस्टरांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि हसल्या. ते हसणं मला अजून दिसतं.

शेजारच्या खाटेवर एलिजाकाका होते. पेणजवळच्याच खेड्यातले, आमच्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणतात त्या ज्यू लोकांतले. मुलं इस्रायलला गेलेली, हे मागे राहिलेले. का गेला नाहीत विचारलं तर म्हणायचे, "तिकडे खाडीची बोय मासली मिळत नाय." पोटाच्या दुखण्यानं आले होते आणि पथ्याच्या पेजेला शिव्या देत असत.

आई माझ्याजवळ राहायची आणि डबा वहिनी आणायची. घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत बंधाऱ्यावरून चालत, मग एसटी, मग स्टँडपासून चालत. तिला दिवस गेले आहेत हे मला तिथेच कळलं. डब्यात अंड्याचं कालवण असायचं, किंवा बोय, किंवा बिरडं. ती डबा ठेवून खाटेच्या लोखंडी कडेला टेकायची आणि मी खाईपर्यंत डब्याच्या झाकणाकडे बघत बसायची.

"काय गो पोरी, तू जेवलीस?" एलिजाकाका विचारायचे.

"व्हय काका, जेवून आलू."

"काय जेवलीस?"

"ह्योच की. अंड्याचा कालवन नि भात."

एक दिवस ती गेल्यावर काका माझ्याकडे वळले. "अरे, कोंबड्या किती हायत तुमच्याकडं?"

"सहा."

"सहा कोंबड्या. तुला रोज दोन अंडी. आणि हिलापण रोज अंडी?"

मी म्हणालो, "घरात होतं तेच खात असेल." दुसऱ्या दिवशी कुणीतरी काकांना आणलेलं केळं त्यांनी तिच्या हातात ठेवलं आणि इथंच खा म्हणाले. तिनं हसून ते पदरात बांधलं. घरी तिची तीन वर्षांची मंजू होती.

बाज

घरी आल्यावर आईनं माझी बाज मधल्या खोलीत टाकली, चुलीच्या दाराशी, म्हणजे स्वयंपाक करताना माझा खोकला ऐकू यावा. माझं ताट वेगळं. त्याच्या काठावर दादानं खिळ्यानं खूण केली होती. मला उठायची मनाई होती. वाचायला घेतलं की डोळे दुखायचे. म्हणून मी दारातून चुलीकडे बघत पडायचो. त्या घरात मी वीस वर्षं राहिलो होतो आणि चुलीकडे एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं.

सकाळी वहिनी कोरा चहा घ्यायची. दूध माझं होतं. मग निवट्या धरायला खाडीवर, नाहीतर लाकडं आणायला, नाहीतर कुणाच्या वालाच्या तोडणीला. दुपारी आली की आधी मला वाढायची. मग दादा असला तर दादाला, मग मंजूला, मग आईला. सगळ्यांचं झालं की चुलीपाशी बसायची. टोपाच्या तळाचा भात पाणी घालून सोडवायची, त्यात मीठ, वर भाजलेली सुकट चिमूटभर. कालवणाचं भांडं त्याच भातानं पुसून घ्यायची. भांड्यात मासळीचा तुकडा उरला असेल तर तो वाटीत काढून शिंक्यावर ठेवायची. तो संध्याकाळी माझ्या ताटात यायचा. सगळं मिळून पाच मिनिटं लागायची तिला.

एक दिवस ती अशीच बसली होती आणि परसातून कमळाकाकूंची हाक आली. "काय गो सुनंदे, जेवलीस काय? काय केलाव आज?"

वहिनीनं बोटांचं मीठ चाटलं आणि ओरडून सांगितलं, "बोयटाचा कालवन! तुमी?"

"आमीपन कोलबी केली."

मी बाजेवर पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले. आमच्याकडे बाईला काय खाल्लंस विचारलं की ती घरात काय शिजलं ते सांगते. आपण खोटं बोलतोय असं तिच्या मनातही येत नाही. मी मीठभात खाल्ला असं म्हटलं तर सासरची नाचक्की होते, दारात येणाऱ्याला वाटेल या घरात सुनेला उपाशी ठेवतात. हे मला माहीत असायला हवं होतं. मी त्याच गावचा. तरी मी तीस घरांच्या चुलींवर काय शिजलं ते लिहून नेलं आणि त्याला बायकांचा आहार म्हटलं.

माझ्या पिशवीत मॅडमनी जादा दिलेला एक कोरा फॉर्म होता. त्यावर आठ दिवस मी वहिनीनं खरोखर खाल्लेलं लिहिलं. आठही दिवस रकान्यात जवळजवळ तेच शब्द आले. नवव्या दिवशी लिहायचं सोडून दिलं.

वहिनीशी बोलणं

आई बाजाराला गेली होती तेव्हा मी विचारलं, "वहिनी, रक्त कशानं वाढतं गो?"

ती वाल सोलत होती. "माझी परीक्षा घेतंव काय भावोजी? पालेभाजी, मासली, वाल, गूल, अंडी. सगला पाठ हाय मना. सातवीत माझा दुसरा नंबर व्हता."

"मग तू का खात नाहीस?"

"खाते ना."

"मी रोज बघतोय."

तिचे हात थांबले. चेहरा एकदम लाल झाला. माझ्या लक्षात आलं की मी तिला काहीतरी फार वाईट बोललो. जेवताना बघणं, आणि वर बघितलं असं सांगणं.

"आजारी मानसानं पडून र्‍हावावा," ती म्हणाली. "बायांच्या टोपात बघू नये."

मग ती उठली. चहाच्या डब्यामागून तिनं कागदाची पुडी काढून दाखवली. नर्सबाईंनी दिलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या, सगळ्याच्या सगळ्या. "ह्या घेतल्या नि भरपूर खाल्ला की पोर मोठा होतो. मंजूच्या टायमाला दोन दिवस नि एक रात मी अडकलू व्हती. सुईन हात टेकून बसली व्हती. मी मेलूच व्हती भावोजी. कमी खाल्ला तर पोर बारीक र्‍हातो, सुटका सोपी होते. तुमच्या आईनंच सांगितला मना."

"नर्सबाई तर उलटं सांगतात."

"नर्सबाय काय माझ्या जागी बालंत व्हाया येनार हाय?" ती हसली. मलाही हसू आलं. पण तिच्या ओठांना रंग नव्हता, हसल्यावर ते जास्तच दिसलं.

कमी खाण्यात तिला आमचा जुलूम वाटत नव्हता, ती स्वतःचा जीव वाचवत होती. याला काय उत्तर द्यायचं ते फॉर्मच्या पहिल्या भागात कुठेच नव्हतं.

घरातली भांडणं

मी आईला म्हणालो, एक अंडं वहिनीला दे. आई म्हणाली, डॉक्टरांनी दोन सांगितलीत. मी म्हणालो, तिलाही डॉक्टरांनी सांगितलंय. आई भडकली.

"मी काय खात व्हते रं तुमच्या टायमाला? शिला भात नि मीठ. झालाव ना दोघं? की झालाव नाय? बाईच्या जातीला एवढी जिभली कशाला?"

"जिभेचं नाही आई, रक्ताचं बोलतोय."

"तुझा रगत आधी होऊं दे. बापाला मी असाच खोकताना बघितलाय."

वडील कशानं गेले ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर आईवर आवाज चढवणं मला जमलं नाही.

दादाला सांगितलं तर तो ताटावरून उठून गेला. जाताना म्हणाला, "मी तिला उपाशी ठेवतो असा म्हनतंस तू?" वहिनी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. मी तिच्यासाठी बोलत होतो आणि घरात सगळ्यांत जास्त त्रास तिलाच झाला.

मग मी दुसरी युक्ती केली. आमच्याकडे पानातलं टाकत नाहीत. आजाऱ्यानं टाकलेलं घरची सून खाते. मी अर्धं अंडं, मासळीचा मधला तुकडा ताटात ठेवू लागलो. भूक नाही म्हणायचो. आई कुरकुरायची. पण ताट आत गेलं की बाजेवरून मला दिसायचं, वहिनी ते खाते आहे. सावकाश, काटे स्वच्छ करत. शिंक्यावर उचलून ठेवत नव्हती, कारण उष्टं परत मला चाललं नसतं. आठ-दहा दिवस असं चाललं. मला वाटलं मला मार्ग सापडला. तिच्या गालावर जरा तेज आलंय असंही वाटलं. ते खरंच होतं की मलाच तसं बघायचं होतं, सांगता येत नाही.

तपासणीला गेलो तेव्हा सिस्टरनी विचारलं, "ताट वेगळं ठेवता ना? उष्टं कुणी खात नाही ना? घरात लहान मूल, गरोदर बाई असेल तर जपा हं." त्यांनी सगळ्यांनाच विचारायचं म्हणून विचारलं असेल. येताना एसटीत मी वहिनीच्या खोकल्यांची मोजदाद करत होतो. ती खोकत नव्हती, तरी आठवून आठवून करत होतो.

त्या दिवसापासून मी ताट चाटून पुसून रिकामं करू लागलो. पोट भरलं तरी खायचो. आई खूश झाली. शेजारीपाजारी सांगू लागली, बालाला भूक लागाया लागली. दवाखान्यातल्या काट्यावर माझं वजन दर खेपेला वाढलं आणि डॉक्टरांनी पाठ थोपटली. वहिनी पुन्हा टोपाच्या तळाशी गेली.

हे वाचणाऱ्या आजाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुम्हाला चांगलंचुंगलं मिळतंय, ते खा, खाल्लंच पाहिजे. पण ते ताटात कुठून आलं ते एकदा बघा, आणि माझ्यापेक्षा लवकर बघा. बघितल्यावर काय करायचं ते मला माहीत नाही. मला जमलं नाही.

परत रोह्याला

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. डॉक्टरांनी परवानगी दिली, गोळ्या चालूच होत्या. निघताना वहिनीला आठवा लागला होता. पोट दिसायचं, बाकी हाडं दिसायची. मी म्हणालो, "गोळ्या तरी घे." ती म्हणाली, "तुमी तुमच्या घ्या. चुकवू नका." मंजूनं मला टाटा केलं, माझ्या तोंडावर बांधायच्या रुमालासारखा एक तिनंही बांधला होता.

मॅडमना भेटलो. पाहणीचा अहवाल अजून पाठवायचा होता, माझे फॉर्म कपाटातच होते. मी आठ दिवसांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं. सांगताना अडखळलो.

"मग हे तीस?" मॅडमनी विचारलं.

"घरात शिजलेलं आहे मॅडम. बायकांनी खाल्लेलं नाही. आणि एक तर मी न विचारताच भरलाय."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "माझ्या आईनं पण हेच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "गणपतीच्या सुट्टीत परत विचारू. मी येते तुझ्याबरोबर. काय शिजलं असं आधी विचारू, मग तुझ्या वाट्याला काय आलं ते." मी वाकून नमस्कार केला आणि बाहेर आलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

वहिनीला वाचता येत होतं, म्हणून मी तिलाच पत्र लिहिलं. मॅडम येणार आहेत, त्या आईशी बोलतील, तोवर गोळ्या रोज एक घे, पोर मोठं होत नाही, मी डॉक्टरांना विचारलंय, असं सगळं. डॉक्टरांना मी खरंच विचारलं होतं. दवाखान्यात ये, तिथे बाळंत हो, हेही लिहिलं.

दहा दिवसांनी उत्तर आलं. शाळेतल्यासारखं गोल अक्षर, ओळी सरळ. तिनं लिहिलं होतं, "गोळ्या घेते. भाताची आवणी सुरू झाली आहे. आईंचे गुडघे दुखतात म्हणून चिखलात मीच जाते. मंजू तुमची आठवण काढते. तुम्ही खाण्याची हयगय करू नका. माझी काळजी करू नका. काल बोंबलाचं कालवण केलं होतं."

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. केलं होतं, एवढंच होतं.

त्यानंतर पंधरा दिवस काही कळलं नाही. रस्ता पाण्याखाली असेल, पत्र अडकलं असेल, असं मी मनाला सांगत होतो. पुढच्या शनिवारी घरी जायचं ठरवलं.

गुरुवारी दुपारी कॉलेजातून आलो तर दादा खोलीच्या दारात उभा होता. अंगावर घोंगडी, दाढी वाढलेली. तो रोह्याला कधी आला नव्हता, वरसे विचारत विचारत आला होता. मला बघून पहिल्यांदा म्हणाला, "गोल्या घेतंस ना रं?"

"घेतो. तू कसा आलास? वहिनी कशी आहे?"

"जेवलास?"

"दादा."

तो चपला काढून आत आला, भिंतीला टेकून खाली बसला. मी पाणी दिलं ते त्यानं हातातच धरलं.

"तुना सांगाया नको असा आई म्हनत व्हती. डाक्टर म्हनालेले ना, याला धक्का नको. म्हनून र्‍हायला." मग तो माझ्याकडे न बघता सांगू लागला. "आवनीवरनं आली नि पोटात दुखाया लागला. सुटका लगेच झाली रं. तासभर पन नाय लागला. सुईन म्हनली, एवढा सोपा बालंतपन मी नाय बघितला. ती हसत व्हती. मना म्हनली, बघा, सांगितला व्हता ना." त्यानं पेला खाली ठेवला. "मंग रगत थांबला नाय. थोडाच गेला म्हनतात, पन तिच्यात व्हताच कवढा. पेनला पोचाच्या आधी एसटीतच गेली."

दादानं दोन्ही हातांनी अंतर दाखवलं, वीतभराहून थोडं जास्त.

"पोरगी हाय. येवढीशी. जगली हाय. कमलाकाकूची सून पाजते तिला."

मग तो उठला, दोरीवरचे माझे कपडे काढू लागला.

"उद्या दहावा हाय. गोल्या घे बरोबर. चल."